शरीराचा जमाखर्च

मुलांनो, दुकानदाराच्या वहीत असतो तसा जमाखर्च आपल्या शरीरातही चालतो. अन्न ही जमा. श्वसन, वाढ व श्रम हा खर्च. १ ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर १ ग्रॅम तेलातुपापासून ९. उरलेली शिल्लक मेदाच्या रूपाने साठते. १ किलोग्रॅम मेदात सुमारे ७,७०० उष्मांक असतात. स्थूल प्रौढ मनुष्याने रोज २५० उष्मांक कमी खाल्ले व २५० व्यायामाने खर्चिले, तर तेवढा मेद घटण्यास पंधरवडा लागतो. घाईने उपाशी राहणाऱ्याचे स्नायूही झिजतात. तुमचे वय तर वाढीचे! म्हणून वेळेवर पोटभर जेवा, तळलेले बेताने खा आणि रोज मैदानावर घाम गाळा. उपासमारीने कोणी सुदृढ होत नाही.