गावची इमारत : परवाना कोणाचा, जबाबदारी कोणाची?

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा हे अहिल्यानगर–जामखेड मार्गावरील बाजारपेठेचे गाव. २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा लोहमार्ग प्रवासी वाहतुकीस खुला झाला आणि कडा रेल्वेच्या नकाशावर आले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी हीच गाडी बीडपर्यंत धावू लागली. दळणवळण वाढले की रस्त्याकाठच्या जागेला मोल येते आणि दगडमातीच्या घरांच्या जागी खाली दुकान, वर बिऱ्हाड अशा सिमेंट-काँक्रीटच्या इमारती उभ्या राहू लागतात. अशा वेळी बांधकामाच्या नियमनाचा पहिला भार पडतो तो ग्रामपंचायतीवर. म्हणून बांधकामाशी संबंध येणारी कार्यालये आणि सल्लागार यांची कामे पंचायत सदस्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

कोणत्याही इमारतीबाबत चार प्रश्न उपस्थित होतात. जागा कोणाची? तेथे काय बांधता येईल? बांधलेले टिकेल काय? आणि ठरल्याप्रमाणे काम झाले काय? या चार प्रश्नांची उत्तरे चार वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. एका ठिकाणचा शिक्का दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठरत नाही, हे या विषयाचे सार होय.

जागेचा प्रश्न

ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ वर नाव असले की जागा आपली झाली, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ही नोंद करआकारणीसाठी असते. मालकीचा व हद्दीचा प्रश्न महसूल आणि भूमी अभिलेख विभागांच्या कक्षेत येतो. शेतजमिनीसाठी सातबारा व मोजणीचा नकाशा पाहावा लागतो. गावठाणातील घरजागांसाठी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. पायाची आखणी करण्यापूर्वी मोजणी झाली, तर शेजाऱ्यांमधील पुढचे अनेक तंटे टळतात.

परवानगीचा प्रश्न

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ ने इमारत उभारण्यापूर्वी पंचायतीची परवानगी घेण्याचा दंडक घातला. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने जमिनीच्या वापरास नियोजनाची चौकट दिली. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतांश भागांसाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली अंमलात आली. तिला अनुसरून फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामीण भागासाठी तीन पायऱ्या जाहीर करण्यात आल्या. सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणाऱ्याने मालकीची कागदपत्रे, नकाशा आणि तो नियमानुसार असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीकडे सादर करावयाचा. १,६०० ते ३,२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीने परवाना द्यावयाचा. त्याहून मोठ्या भूखंडासाठी मात्र नगररचना विभागाची मान्यता आवश्यक.

या सुलभतेचा अर्थ नियम संपले असा नव्हे. तपासणीचा भार कार्यालयाकडून दाखला देणाऱ्या अभियंत्याकडे सरकला, एवढाच तिचा अर्थ. शिवाय राज्यमार्ग वा राष्ट्रीय महामार्गालगतच्या जागेस इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा लागू असतात. त्यांचे उत्तर ग्रामपंचायतीकडे नसून रस्त्याच्या यंत्रणेकडे असते. दुकान आज रस्त्यास चिकटून बांधले आणि उद्या रुंदीकरणात गेले, तर पंचायतीचा परवाना दाखवून ते वाचत नाही.

टिकाऊपणाचा प्रश्न

परवाना म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. ही जबाबदारी सल्लागारांची. वास्तुविशारद इमारतीची मांडणी, उजेड, वारा व वापर यांचा विचार करतो. संरचना अभियंता पाया, खांब, तुळया व स्लॅब यांची गणिते मांडतो. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने वास्तुविशारद परिषद स्थापन केली. मात्र हा कायदा ‘वास्तुविशारद’ या उपाधीस संरक्षण देतो, नोंदणी नसलेल्यांना नकाशे करण्याची बंदी घालीत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० रोजी दिला. तेव्हा नकाशा कोणी काढला याबरोबरच त्याची अर्हता व परवाना कोणता, हे विचारणे घरधन्याच्याच हिताचे आहे.

या प्रश्नाची किंमत मराठवाड्याने मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सात हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे हे या संहाराचे मोठे कारण होते. भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड आणि दारे-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींना बांधणारा अखंड पट्टा, असे उपाय भारतीय मानक ब्यूरोच्या १९९३ च्या मार्गदर्शिकांत सांगितलेले आहेत. ते खर्चाच्या मानाने लहान आहेत. परंतु ते सुचविणारा जाणकार कामावर असावा लागतो. आपल्याकडील काळी माती पावसात फुगते व उन्हात आकसते. तिच्यावर पाया किती खोल न्यावा, हे शेजाऱ्याच्या पायाकडे पाहून ठरविता येत नाही.

देखरेखीचा प्रश्न

उत्तम नकाशाही कामावर बिघडू शकतो. प्रबलित काँक्रीटसाठी किमान एम २० प्रत आणि सौम्य हवामानात पाणी-सिमेंट प्रमाण ०.५५ च्या आत, असे भारतीय मानक ४५६ सांगते. म्हणजे सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यास साडेसत्तावीस लिटरांपेक्षा जास्त पाणी नको. मिश्रण सैल व्हावे म्हणून बादलीभर पाणी वाढविले की काँक्रीटची ताकद घटते. उलट, ओतलेले काँक्रीट किमान सात दिवस ओले राखणे आवश्यक असते. आष्टीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात नेमकी याच टप्प्यावर काटकसर होण्याची भीती असते. टँकरच्या पाण्याची तरतूद होत नसेल, तर स्लॅबचे काम पुढे ढकललेले बरे.

सार्वजनिक इमारती

शाळाखोली, अंगणवाडी वा ग्रामपंचायत कार्यालय यांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. प्रशासकीय मान्यता कामाची गरज व निधी मान्य करते. तांत्रिक मान्यता अंदाजपत्रक व रचना योग्य असल्याचे सांगते. मोजमाप पुस्तिका प्रत्यक्ष झालेल्या कामाची नोंद ठेवते. पहिल्या मान्यतेवरून तिसरीची खात्री मिळत नाही. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेस लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. त्यानंतर १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या इमारतींबाबत सुरक्षिततेचे निर्देश दिले. गळणारे छत, उघडे पडलेले गज, बंद असलेली दुसरी वाट यांची लेखी नोंद मुख्याध्यापकांनी व शाळा व्यवस्थापन समितीने वेळीच करून ती पंचायत समितीकडे पाठविली पाहिजे.

पंचायतीने काय करावे?

प्रत्येक नव्या बांधकामाची एक स्वतंत्र धारिका ठेवावी. तीत मालकीचा पुरावा, मोजणीचा नकाशा, मंजूर नकाशा, अभियंत्याचा दाखला व त्याचा परवाना क्रमांक, रस्त्याकाठी असल्यास संबंधित यंत्रणेचे पत्र, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला असावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पायाची आखणी झाल्यावर एकदा जागेवर जाऊन नकाशाशी पडताळणी करावी. नियमांत वेळोवेळी बदल होतात. म्हणून मोठ्या कामापूर्वी तहसील व नगररचना कार्यालयाकडे विचारणा करावी.

चुकीच्या जागी घेतलेला पाया मातीत असतानाच दुरुस्त करता येतो. वर दोन मजले चढल्यावर मात्र घरधन्याची आयुष्यभराची पुंजी आणि पंचायतीचा शब्द, दोन्ही पणास लागतात.