घोषणेंतील दुसरें नांव

लोकसत्ताक राज्यांत मत हें प्रजेचें मोठें सामर्थ्य होय. परंतु तें कोणाच्या पारड्यांत पडावें, हें पुष्कळदां चार शब्दांची एखादी घोषणाच ठरविते. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या इतिहासांत याचें एक बोधप्रद उदाहरण आहे. तें आम्ही आज आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें ठेवीत आहों.

इ. स. १८३७ मध्यें त्या देशावर मोठें आर्थिक संकट आलें. पेढ्या बुडाल्या, धंदे बसले, मजूर बेकार झाले. त्या वेळीं मार्टिन व्हान ब्यूरेन हे अध्यक्ष होते. १८४० च्या निवडणुकींत त्यांच्याविरुद्ध व्हिग पक्षानें विल्यम हेन्री हॅरिसन या वृद्ध सेनापतीस उभें केलें. प्रतिपक्षाच्या एका वर्तमानपत्रानें थट्टा केली कीं, या म्हाताऱ्यास थोडें पेन्शन व सफरचंदाच्या मद्याचें एक पिंप द्या, म्हणजे तो आपल्या ओंडक्यांच्या झोंपडींत स्वस्थ बसेल. व्हिग पुढाऱ्यांनीं ही थट्टाच उचलून धरली. हॅरिसन म्हणजे झोंपडींत राहणारा गरिबांचा कैवारी, असा डांगोरा पिटला गेला. मिरवणुकींत चाकांवरील झोंपड्या निघाल्या, गाणीं रचलीं गेलीं.

वस्तुस्थिति मात्र निराळी होती. हॅरिसन यांचा जन्म व्हर्जिनियांतील एका बड्या जमीनदार घराण्यांतला. उलट, ज्यांस विलासी म्हणून हिणविलें, ते व्हान ब्यूरेन एका खाणावळवाल्याचे पुत्र!

त्या निवडणुकींतील मुख्य घोषणा होती, 'टिपेकॅनू आणि टायलरसुद्धां'. टिपेकॅनू नदीकाठीं १८११ सालीं तेथील मूळ रहिवाशांशीं झालेल्या लढाईवरून हॅरिसन यांस तें टोपणनांव मिळालें होतें; जॉन टायलर हे उपाध्यक्षपदाचे उमेदवार. दोन्ही नांवांच्या आरंभीं 'ट' असल्यानें घोषणा जिभेवर सहज खेळे. पक्षानें आपल्या धोरणाचा जाहीरनामा मात्र काढलाच नाहीं, कारण पक्षांतच एकमत नव्हतें. तरीहि मताधिकार असलेल्यांपैकीं सुमारें ८० टक्के लोकांनीं मतें दिलीं, आणि अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींचीं २३४ मतें हॅरिसन यांस व अवघीं ६० व्हान ब्यूरेन यांस पडलीं.

४ मार्च १८४१ रोजीं हॅरिसन अधिकारारूढ झाले आणि ४ एप्रिल रोजीं निवर्तले. अध्यक्षपद टायलर यांजकडे आलें. व्हिग पक्षाच्या मनांत राष्ट्रीय पेढी स्थापावयाची होती. तिचीं दोन्ही विधेयकें टायलर यांनीं नामंजूर केलीं. एकाखेरीज सर्व मंत्र्यांनीं राजीनामे दिले व पक्षानें आपल्याच अध्यक्षास बहिष्कृत केलें. ज्याच्या नांवानें घसा कोरडा केला, तो कोणत्या मताचा आहे हें विचारण्याचें फारसें कोणास सुचलेंच नव्हतें.

यांत उत्साहाची उणीव नव्हती, विचाराची होती. बेकारांचें दुःख खरें होतें. घोषणेनें त्या दुःखाला हात घातला, पण औषध सांगितलें नाहीं. विद्यार्थिमित्रहो, वयाच्या १८ व्या वर्षीं तुमच्या हातींहि मत येणार आहे. तेव्हां कोणतीहि गोड घोषणा ऐकलीत, तर तिच्या तालावर मान डोलविण्यापूर्वीं विचारा: हा मनुष्य काय करणार, कसें करणार, आणि त्याच्यामागें उभा असलेला दुसरा कोण? आजपासून शाळेंतील निवडणुकींत ही संवय लावून घ्याल, तर पुढें देशास तिचा उपयोग होईल.