गाणं आधी कुणाचं होतं?

पौड आणि पिरंगुटच्या मुलांना मी नाच शिकवते. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग, भाद्रपदात मंडळांचे कार्यक्रम, उन्हाळ्यात सुट्टीचे वर्ग. वर्गात मुळशीतल्या जुन्या घरांतली मुलं असतात, कारखान्यांत कामाला आलेल्या बिहार-उत्तर प्रदेशकडच्या कुटुंबांतली असतात आणि भूगाव-हिंजवडीच्या सोसायट्यांतलीही असतात. एकच गाणं प्रत्येकाच्या कानावर वेगळ्या रूपात पहिल्यांदा पडलेलं असतं. कुणी 'कोंबडी पळाली'वर वाढलेलं, तर कुणाला फक्त 'चिकनी चमेली' ठाऊक. आधीचं गाणं आणि नंतरचं गाणं, दोन्ही शिकवताना जे कळलं ते इथे लिहिते आहे.

१. स्टेप्स बसवण्याआधी मूळ गाणं ऐकवायचं.

नुसतं ऐकवायचं, व्हिडिओ न दाखवता. 'जत्रा' चित्रपटातलं 'कोंबडी पळाली' आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायलं. शब्द जितेंद्र जोशीचे, संगीत अजय-अतुलचं. त्याच चालीवर 2012 च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' आलं. तिथे अमिताभ भट्टाचार्यचे शब्द आहेत आणि एकट्या श्रेया घोषालचा आवाज. मुलांना विचारावं, काय बदललं? लहान मुलंसुद्धा बरोबर सांगतात: आधीच्यात दोघं गातात, नंतरच्यात एकटी. नाच कसा बसवायचा याचं उत्तर त्यातच मिळतं. मराठी गाण्यात छेडाछेडी आहे, सवाल आहे, त्याला जवाब आहे, म्हणून दोन रांगा समोरासमोर उभ्या करता येतात. हिंदी गाणं एका नाचणारीभोवती फिरतं, बाकीचे तिच्यासाठी जागा करून देतात. वीस मुलींचा गट घेऊन 'चिकनी चमेली' करायचं म्हटलं की एक मुलगी पुढे येते आणि एकोणीस मागे राहतात. म्हणून शाळेसाठी मी आधीचंच निवडते.

२. रॅपवर नाचायचं असेल तर आधी ते बसून म्हणायचं.

'मेरे गली में' हे डिवाइन आणि नेझी यांचं गाणं 2015 चं. डिवाइन अंधेरीचा, नेझी कुर्ल्याचा. नेझीने त्याआधी, 2014 मध्ये, 'आफत' या गाण्याचा व्हिडिओ आयपॅडवर केला होता. मूळ गाण्यानंतर चार वर्षांनी झोया अख्तरच्या 'गली बॉय'मध्ये 'मेरे गली में' पुन्हा आलं, या वेळी रणवीर सिंगच्या आवाजासह, आणि मुळशीच्या मुलांपर्यंत पोचलं ते हेच सिनेमातलं रूप. मुलं ते तोंडपाठ म्हणतात, पण पाय मात्र चुकतात. कारण सरळ आहे. ठेका चारचा असला तरी रॅपरचे शब्द त्या चारावर नेमके पडत नाहीत, कधी आधी येतात, कधी मागून येऊन गाठतात. पाय ठेक्याबरोबर राहायला हवेत आणि खांदे-हात शब्दांबरोबर. हे उभं राहून शिकवता येत नाही. गोल करून बसायचं, मांडीवर ठेका धरायचा आणि तोंडाने म्हणायचं. ते जमलं की हिपहॉपचा बाउन्स, म्हणजे गुडघ्यातून येणारी ती सततची लवचीक हालचाल, वेगळी शिकवावी लागत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ते गाणं कुर्ला-अंधेरीच्या गल्लीचं आहे. मग तुमच्या गल्लीत काय आहे, असं मी विचारते. एका वर्षी मुलांनी भाताची लावणी आणली. वाकून रोप टोचायचं, एक पाऊल मागे घ्यायचं, पुन्हा वाकायचं. चारच्या ठेक्यावर ते इतकं चपखल बसलं की मी त्यात काहीही बदललं नाही. सिनेमातली टोपी आणि साखळी त्या दिवशी कुणालाच आठवली नाही.

३. संगीतकार तेच असले तरी नाच तोच राहत नाही.

'झिंगाट' 2016 च्या 'सैराट'मधलं, आणि 2018 च्या 'धडक'मधलंही. दोन्हीकडे अजय-अतुलच. हिंदी शब्द पुन्हा अमिताभ भट्टाचार्यचे, नृत्यदिग्दर्शन फराह खानचं. करमाळ्याच्या मातीतली गोष्ट उदयपूरला गेली. मराठी 'झिंगाट' हा गर्दीचा नाच आहे, तिथे रांग मोडली तरी चालते, किंबहुना मोडायलाच हवी. हिंदीतलं नीटनेटकं बसवलेलं आहे, सगळ्यांचे हात एका वेळी वर जातात. पालकांना दुसरं आवडतं, कारण स्टेजवर ते स्वच्छ दिसतं. मला पहिलं आवडतं, आणि ते बसवायला जास्त अवघड आहे. मोकळं नाचताना दिसण्यासाठी मुलांना प्रत्येकाची वेगळी जागा, वेगळी दिशा आणि एकमेकांना न धडकण्याची शिस्त शिकवावी लागते.

४. नंतरचं गाणं म्हणजे उष्टं, असं मुलांना सांगू नये.

हिपहॉप जन्मालाच आलं ते दुसऱ्यांच्या रेकॉर्ड्सवर. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड्स वाजवल्या. गाण्यातला फक्त ठेक्याचा तुकडा, ज्याला ब्रेक म्हणतात, तोच लोकांना नाचायला हवा असतो हे त्याने हेरलं आणि पुढे दोन टर्नटेबलवर तो तुकडा लांबवत नेला. त्या ब्रेकवर नाचणारे ते ब्रेकर. तोच नाच 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये पोचला.

1979 मध्ये शुगरहिल गँगचं 'रॅपर्स डिलाइट' आलं. त्याचा पाया शिक या बँडच्या 'गुड टाइम्स' या गाण्यावर होता. शिकचे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी हक्क सांगितला, तेव्हा त्यांची नावं श्रेयात आली. पण शुगरहिल गँगमधला बिग बँक हँक जे शब्द म्हणतो त्यातले बरेचसे ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्सच्याच रॅपरचे होते, आणि कॅझला श्रेय मिळालं नाही. त्याने स्वतःच्या टोपणनावाची अक्षरं ज्या ओळीत गुंफली होती, ती ओळसुद्धा हँकने तशीच म्हटली आहे. ज्याचे शब्द जगभर गाजले त्याचं नाव कव्हरवर नव्हतं. ही हकीकत सांगितली की वर्गातली मुलं चिडतात, आणि चिडावंच.

2002 मध्ये स्पेनच्या लास केचप या बहिणींचं 'आसेरेहे' हे पॉप गाणं देशोदेशी नाचलं गेलं. त्याचं निरर्थक वाटणारं ध्रुवपद म्हणजे 'रॅपर्स डिलाइट'ची सुरुवात आहे, इंग्रजी न कळणाऱ्या माणसाच्या कानाला जशी ऐकू येते तशी. गाण्यातला दिएगो ते न समजताच आनंदाने म्हणतो. माझ्या वर्गातली इंग्रजी रॅप म्हणणारी मुलं असंच करतात. मी त्यांना अडवत नाही. आनंद आधी येऊ दे, अर्थ मागाहून मी सांगते.

५. कायदा थोडा माहीत असावा.

कॉपीराइट कायदा 1957 चा, त्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली. कायद्याने दिलेल्या मुभेखाली एखाद्या गाण्याचं कव्हर रेकॉर्ड करायचं तर मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं थांबावं लागतं, आगाऊ रॉयल्टी भरावी लागते आणि गाण्यात मनमानी बदल करता येत नाहीत. शाळेच्या उपक्रमात, विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढाच प्रेक्षक असेल तर गाणं वाजवायला सवलत आहे. लग्नाच्या वरातीलाही आहे. तिकीट लावलं की ही सवलत धरून चालू नये.

६. आपल्या तालुक्याचं गाणं जपून हाताळावं.

'मुळशी पॅटर्न' नोव्हेंबर 2018 मध्ये आला. प्रवीण तरडे यांनी जमिनी विकलेल्या घरांची गोष्ट सांगितली, आमच्याच रस्त्यांवरची. त्यातलं 'आररारा' आदर्श शिंदेने गायलं, संगीत नरेंद्र भिडे यांचं, शब्द प्रणीत कुलकर्णी यांचे. 'कोंबडी पळाली'चे आनंद शिंदे हे आदर्शचे वडील, हे मुलांना आवर्जून सांगते. चित्रपट 2021 मध्ये 'अंतिम' होऊन हिंदीत गेला, पण हे गाणं तिकडे गेलं नाही. ते मराठीतच राहिलं आणि वरातीत, मिरवणुकीत वाजत राहिलं.

हे गाणं लागलं की मुलं प्लॅस्टिकचं पिस्तूल मागतात. मी देत नाही, यावर माझं मंडळांशी भांडण झालेलं आहे आणि पुन्हा होईल. ज्या गोष्टीत पोरांचं आयुष्य मातीला मिळतं, त्या गोष्टीचं गाणं हत्यार नाचवायला वापरू नये. या गावांकडे दुसरं पुष्कळ आहे. मुळशी-मावळची ढोल-लेझीम पथकं पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत जात आली आहेत. लेझीम हातात दिली की 'आररारा'वरचा नाच आपोआप आपला होतो.

७. स्टेजवरून नावं घ्यावीत.

गॅदरिंगला निवेदक सांगतो: इयत्ता सहावीचा नाच, गाणं अमुक. मग टाळ्या. गाणं कुणी लिहिलं, कुणी बांधलं, आधी कुणी गायलं, हे कुणी सांगत नाही. माझ्या वर्गातल्या प्रत्येक गटाला आता ही माहिती स्वतः शोधून चिठ्ठीवर लिहून द्यावी लागते, आणि दोन रूपं असतील तर दोन्हींची नावं.

यंदा तुमच्या शाळेत किंवा मंडळात निवेदन करणार असाल, तर नाच सुरू होण्याआधी गीतकार, संगीतकार आणि पहिल्या गायकाचं नाव मोठ्याने घ्या. अर्धा मिनिटही लागत नाही.