शोकाच्या दारीं द्वेषाचे फलक

भाषणस्वातंत्र्य हा शब्द नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत आपण सर्वांनीं वाचलेला आहे. सज्जनांच्या भाषणास स्वातंत्र्य असावें, याविषयीं कोणाचें दुमत नसतें. जें भाषण ऐकून अंगाचा तिळपापड होतो, त्यासही तें असावें कीं काय, येथें खरी परीक्षा सुरू होते. अशा परीक्षेचा अमेरिकेंतील एक प्रसंग विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावा, असें आम्हांस वाटतें.

कान्सास संस्थानांतील टोपेका शहरीं फ्रेड फेल्प्स नांवाच्या गृहस्थानें १९५५ सालीं वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च स्थापन केलें. नांवांत बॅप्टिस्ट शब्द असला तरी त्या पंथाच्या कोणत्याही संघाशीं याचा संबंध नाहीं, आणि सभासद बहुतेक फेल्प्सच्याच घरचे. समलिंगी मनुष्यांस अमेरिकेंत थारा मिळतो म्हणून देव त्या राष्ट्रावर कोपला असून सैनिकांचे मृत्यु ही त्याचीच शिक्षा होय, असें यांचें मत. तें सांगण्यास त्यांनीं जागा निवडली ती मेलेल्या सैनिकांच्या अंत्यविधीची!

१० मार्च २००६ रोजीं मेरीलँडमधील वेस्टमिन्स्टर गांवीं, इराकांत मरण पावलेल्या एका तरुण सैनिकाचा अंत्यविधि होता. फेल्प्स व त्याच्या घरचीं सहा माणसें फलक घेऊन तेथें आलीं. सैनिक मेल्याबद्दल देवाचे आभार, अशा अर्थाचा मजकूर त्यांवर होता. पोलिसांनीं नेमून दिलेल्या जागीं, चर्चपासून सुमारें १,००० फुटांवर तीं उभीं राहिलीं. दंगा नाहीं, मारामारी नाहीं. बापास जातांना फलकांचीं टोंकें तेवढीं दिसलीं. त्यांवर काय लिहिलें होतें, तें त्यानें रात्रीं दूरचित्रवाणीवर पाहिलें. पुत्राची आठवण त्या फलकांपासून आतां वेगळी करतां येत नाहीं, असें त्यानें न्यायालयांत सांगितलें.

ज्यूरीनें त्यास सुमारें १ कोटि ९ लक्ष डॉलर देवविले. न्यायाधीशानें ती रक्कम ५० लक्षांवर आणिली, आणि वरिष्ठ न्यायालयानें २००९ सालीं सर्वच रद्द केली. २ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नवांपैकीं आठ न्यायाधीशांनीं फेल्प्सच्या बाजूनें निकाल दिला. वचनें दुष्ट असलीं तरी तीं सार्वजनिक प्रश्नांविषयीं, सार्वजनिक जागेवर व पोलिसांचें ऐकून उच्चारलेलीं होतीं. केवळ मन दुखावतें म्हणून दंड करतां येत नाहीं, असा मुख्य न्यायमूर्ति रॉबर्ट्स यांच्या लेखाचा आशय. एकटे न्यायमूर्ति अलिटो विरुद्ध गेले. हा बाप कांहीं पुढारी नव्हे. मोकळ्या वादविवादासाठीं अशा निरपराध माणसाचे हाल होऊं देणें जरूर नाहीं, असें त्यांचें म्हणणें.

वाचतांना आमचें मन अलिटो यांच्याकडे ओढ घेतें, हें आम्ही लपवीत नाहीं. तथापि ज्यूरीस ठरवावयाचें होतें तें हें कीं, वर्तन संतापजनक होतें किंवा नाहीं. आणि संतापाचें माप मोठें लबाड असतें. १८८८ सालीं ‘सुधारक’ काढणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांवर पुण्यांतील सनातनी इतके खवळले होते कीं, ते जिवंत असतांना त्यांची प्रेतयात्रा काढण्यांत आली. त्या मिरवणुकींतल्याच मंडळींतून ज्यूरी निवडली असती, तर ‘सुधारक’ किती आठवडे चालता? म्हणून, जड मनानें कां होईना, आम्ही आठांच्या बाजूस जातों.

आपल्या राज्यघटनेनें १९ व्या अनुच्छेदांत हें स्वातंत्र्य देऊन सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, अब्रू इत्यादिकांसाठीं त्यास वाजवी बंधनें घालण्याची मुभा ठेविली आहे. त्यांतील ‘वाजवी’ ही अट १९५१ च्या दुरुस्तीनें आली. जमाती-जमातींत वैर पेटविणें हा आपल्याकडे गुन्हा आहे. अमेरिकेंत भाषण द्वेषाचें आहे एवढ्यानेंच तें गुन्हा ठरत नाहीं.

तेथें मग कायदा झाला तो वेळेचा व अंतराचा. सैनिकाच्या अंत्यविधीच्या आधीं व नंतर दोन तास, ३०० फुटांच्या आंत शांतताभंग करणारीं निदर्शनें २०१२ च्या कायद्यानें मना केलीं. फलकावर शब्द कोणते, हें तो कायदा विचारीत नाहीं. त्याहीपूर्वीं, २००५ सालीं, ‘पेट्रिअट गार्ड रायडर्स’ ही मोटारसायकलस्वारांची मंडळी निघाली. मृताच्या घरचें बोलावणें आलें म्हणजे हे लोक येतात आणि राष्ट्रध्वज धरून निदर्शक व शोकाकुल कुटुंब यांच्यामध्यें रांगेनें उभे राहतात. वाद घालीत नाहींत. पलीकडून आरडाओरडा वाढला, तर आपल्या गाड्यांचीं इंजिनें तेवढीं सुरू करितात.