भिंत, रंग आणि नाव : चित्रकार बी. प्रभा

अजिंठ्याच्या लेण्यांत आपण चित्रे पाहतो. चित्रांखालची भिंत पाहत नाही. त्या भिंतीवर माती, भुसा व गवत यांचा लेप आहे, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग. आपल्या आया-आज्या घराच्या भिंती मातीने पोतारत आल्या, तेही याच जातीचे ज्ञान होय. कान्हेरी व कुडा येथील शिलालेखांत दान देणाऱ्या भिक्खुणींची नावे आहेत. अजिंठा रंगविणाऱ्या हातांची नावे मात्र आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत. म्हणूनच भित्तिचित्रणाचे रीतसर शिक्षण घेऊन स्वतःचे नाव मिळविणाऱ्या विदर्भकन्येचा परिचय आम्ही येथे देत आहोत.

बी. प्रभा यांचा जन्म १९३३ साली नागपूरजवळील बेला या गावी झाला. नागपूरच्या कलाशाळेतून त्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेल्या आणि तेथे रंगचित्रण व भित्तिचित्रणाची पदविका त्यांनी संपादन केली. या क्षेत्रात स्त्रिया मोजक्याच असण्याचा तो काळ. विद्यार्थिदशेतच त्यांची तीन चित्रे डॉ. होमी भाभा यांनी घेतली. १९५६ हे वर्ष दीक्षाभूमीमुळे आपल्याला पाठ आहे. त्याच वर्षी एअर इंडियाने त्यांची सहा चित्रे विकत घेतली व तिच्या चित्रसंग्रहाचा प्रारंभ झाला. विद्यार्थ्यांनी ही लहान नोंदही वहीत करावी. त्याच वर्षी शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढे त्यांनी मुख्यतः कॅनव्हासवर तैलरंगात काम केले. तरीही मोजक्या रेषा, रंगाचे मोठे सपाट पट आणि दुरून ओळखू येणारी उंच, कृश स्त्री यांत भिंतीची शिस्त टिकून आहे, असे आम्हांस वाटते. त्यांच्या चित्रांत कोळिणी आहेत, कष्टकरी ग्रामीण स्त्रिया आहेत. दुष्काळ, भूक आणि बेघरपणही आहे. या स्त्रिया दया मागत नाहीत, त्या ताठ उभ्या राहतात. २००१ साली बी. प्रभा यांचे निधन झाले.

त्यांचा वारसा केवळ संग्रहालयांत शोधू नये. गावोगावी इमारतींच्या कोनशिलेवर पाहुण्यांचे नाव असते. भिंत लिंपणाऱ्या बाईचे नसते. आपल्या वसतिगृहातील भोजनगृहाची एक भिंत यंदा विद्यार्थिनींच्या हाती द्यावी, अशी आमची सूचना आहे. आणि मुलींनो, चित्र पूर्ण झाले की खाली आपले नाव अवश्य लिहा. ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, त्यांच्या लेकी तुम्ही आहात.