मध्यबिंदू कोठे आहे?

भूमितीच्या तासाला दरवर्षी एक गोष्ट हटकून घडते. वर्तुळ काढावयास सांगितले की वर्गातील चार-दोघांचे वर्तुळ पुरे होत नाही; आरंभाचे टोक आणि शेवटचे टोक यांची गाठ पडत नाही. असा विद्यार्थी पेन्सिलीला दोष देतो, वहीला दोष देतो, शेजाऱ्याने धक्का दिला म्हणतो. वस्तुतः कंपासचे टोक मध्यबिंदूवरून सरकलेले असते, आणि हे सरकणे इतके सूक्ष्म असते की ज्याच्या हाताखाली ते घडते त्याला ते कळत नाही.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या धार्मिक जीवनाविषयी लिहावयास बसलो असता प्रथम हाच देखावा माझ्या डोळ्यांपुढे आला. आपण ख्रिस्ती लोक उपदेशात पुष्कळदा म्हणतो की, पहिला देव, मग कुटुंब, मग काम. हेतू चांगला आहे, पण ही मांडणी मला पुरी वाटत नाही. यादीतील पहिली बाब आटोपली की मनुष्य दुसऱ्या बाबीकडे वळतो आणि पहिलीकडे पुन्हा पाहात नाही. रविवारची उपासना झाली, दशमांश दिला, पहाटेचे वाचन झाले. आता सोमवारचा बाजार आपला आणि आपल्या तराजूचा! मध्यबिंदूचे तसे नाही. परिघावरील प्रत्येक बिंदूला त्याच्याशी एकाच अंतराने बांधून राहावे लागते. तराजूलाही आणि स्वयंपाकघरालाही.

पवित्र शास्त्राचा रोख असाच आहे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने कोठे बोलावी म्हणून सांगितले आहे, तर घरी बसलेले असता, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. त्यात मंदिराचा उल्लेखही नाही. नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाचा आरंभच खोट्या तराजूच्या निषेधाने होतो. सतराव्या शतकात पॅरिस शहरातील एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. ते वर्षानुवर्षे मठाच्या स्वयंपाकघरात राबले, पुढे पायाचे दुखणे वाढल्यावर वहाणा शिवीत बसले. भांड्यांच्या खडखडाटात आणि प्रार्थनेच्या वेळी देवाचे सान्निध्य त्यांना सारखेच जाणवत असे, एवढ्याच एका गोष्टीसाठी त्यांचे नाव आजही घेतले जाते.

परंतु पॅरिसपर्यंत जाण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याजवळ राहावयास आल्या त्या आपले सोवळे सांभाळूनच. पाणी वेगळे, चूल वेगळी. मग एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले की हे भेद मनुष्यांनी केले आहेत, ईश्वराने नव्हेत, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. ही गोष्ट त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आधीची आहे, इकडे मी वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. पाण्याचा घडा त्यापूर्वीच बाटण्याच्या भयातून सुटला होता. याच्या उलट, तीन-तीन पिढ्या मंडळीत असूनही सोयरीक ठरविताना पूर्वीची जात हळूच विचारणारी घरे मला ठाऊक आहेत. कोणाकडे बोट दाखवीत नाही. आमच्याही नात्यात हे झालेले आहे.

आता आपल्या अगदी जवळचे उदाहरण घेऊ. भूम तालुक्यातील आमच्या ईट गावाहून जामखेड फार लांब नाही. जिल्हा बदलतो, पाऊस मात्र दोन्हीकडे सारखाच हुलकावणी देतो. या जामखेडला १९७० साली डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर मेबल आरोळे येऊन राहिले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. १९६० साली विवाह झाला त्या वेळीच, आपले आयुष्य खेड्यांतील उपेक्षित लोकांसाठी वेचावयाचे, असे त्यांनी परस्परांना वचन दिले होते. आरंभी त्यांनी नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. तेथे त्यांना दिसून आले की, बरा करून घरी धाडलेला रोगी काही दिवसांनी तेच दुखणे घेऊन परत येतो. कारण गढूळ पाणी तेच, अर्धपोटी राहणे तेच, बाळंतपणाविषयीच्या समजुती त्याच. उत्तम रुग्णालय चालविणे हीही सेवाच होती. तेवढ्यावर समाधान मानले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण ते अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र शिकले आणि परत आले ते थेट या दुष्काळी मुलखात.

त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, पुष्कळजणी दलित होत्या. या स्त्रिया जामखेडला शिकावयास येत, तेथे एकत्र जेवत, एकत्र निजत, आणि गावी जाऊन गरोदर स्त्रियांची काळजी घेत, बाळांची वजने करीत, हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे हे आयांना दाखवीत. पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खोदावयाची वेळ आली तेव्हा दलित वस्तीजवळच्या जागा निवडल्या गेल्या. स्वच्छ पाणी हवे असेल तर साऱ्या गावाने तेथे यावे! लक्ष्मीबाईंच्या घरातील घड्याचा प्रश्न येथे साऱ्या गावाच्या पाणवठ्याचा झाला. आरंभीच्या काळात त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे सुमारे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. पुढे हा आकडा तिसाच्याही खाली आला. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलताई १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली प्रभूकडे गेले. त्यांनी सेवा केली ती बहुतांशी ख्रिस्ती नसलेल्या लोकांची, आणि औषध देताना कोणाचा धर्म विचारला नाही.

आता थोडे स्वतःविषयी लिहितो. आमच्या घरी पहाटे कौटुंबिक उपासना होते. वडिलांनी घालून दिलेली ही शिस्त मी अभिमानाने पाळीत आलो. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर, ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या दिवसांत, एक बाई अशाच वेळी दाराशी आली. तिची मुलगी माझ्या वर्गात सहावीत होती. मुलीला संगे न नेता शिक्षणासाठी मागे कोठे ठेवता येईल का, हे तिला विचारावयाचे होते. मी मुलाकरवी निरोप धाडला, “प्रार्थना चालू आहे, थांबा.” अर्ध्या तासाने बाहेर आलो तो अंगण रिकामे होते. मुकादमाची गाडी थांबत नसते. मुलगी आईबरोबर फडावर गेली ती उन्हाळ्यात परतली. वर्षाचा अभ्यास बुडाला. त्या दिवशी वाचन कोणते होते, ते मला आठवत नाही. पडद्याच्या फटीतून दिसलेले, बाईच्या डोक्यावरचे बोचके आठवते.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो की, वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या बंधूच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे आणि आधी त्याच्याकडे जावे. हा भाग मी मुलांना कितीदा शिकविला होता!

तेव्हापासून उपासनेच्या वेळी आमचे दार उघडे असते आणि कोणी आले तर मी उठतो. वडिलांना हे रुचलेले नाही. ते म्हणतात, “असा ऊठबस करू लागलास तर एक दिवस उपासनाच राहील, आणि मग उठून जाशील ते कोणाच्या बळावर?” त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. आरोळे दांपत्याने दिलेले वचन काही धावपळीत सुचलेले नव्हते. कंपासचे टोक आधी कोठे तरी घट्ट रोवावेच लागते. म्हणून वाचनाची वेळ आम्ही बदललेली नाही. मध्येच उठावे लागले तर वडील वाचन तेथेच थांबवितात, बोट ओळीवर ठेवून बसतात आणि मी आलो की पुढे चालू करतात. आमच्यातील हा वाद मिटलेला नाही, आणि मिटावा अशी मला घाईही नाही.

ती मुलगी आज आठवीत आहे. गेली दोन वर्षे आईवडील फडावर गेले की ती आमच्या घरी राहते व माझ्या आईजवळ निजते. पहाटेच्या वाचनाला बसावे की नाही हे आम्ही तिच्यावर सोपविले आहे. बहुधा ती गोधडीतच असते. मागल्या आठवड्यात तिने वहीत वर्तुळ काढून दाखविले. टोके जुळली होती. पण कंपास इतका जोराने दाबला होता की वहीच्या पुढल्या चार पानांना भोक पडले होते.