खेळयंत्रावर चलचित्रांचें संपादन

एका कामासाठीं घेतलेली वस्तु दुसऱ्या कामीं लावणें ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे. जुन्या लुगड्याची गोधडी होते. मग खेळाच्या यंत्रावर घरच्या समारंभाचें चलचित्र कापून जोडतां येईल काय? एका खऱ्या उदाहरणावरून पाहूं.

सोनी कंपनीनें सन २००६ च्या नोव्हेंबरांत जपान व अमेरिका येथें 'प्लेस्टेशन ३' हें खेळयंत्र विक्रीस आणिलें. त्यांतील 'सेल' प्रोसेसरांत एक मुख्य गाभा व त्याच्या हाताखालीं भराभर गणित करणारे सहायक गाभे होते. शिवाय 'अदर ओएस' या सोयीनें त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली बसवितां येई. खेळणें होतें, त्याचा संगणक झाला.

आतां हिशेब करूं. डीव्ही कॅमेऱ्याच्या एक तासाच्या चित्रणास सुमारें १३ गिगाबाइट जागा लागते. ६० गिगाबाइटच्या डिस्कपैकीं खेळांसाठीं १० ठेवून बाकीची लिनक्सला दिली, तरी तीन तासांहून फारसें अधिक चित्रण मावत नसे. डिस्क बदलून मोठी घालतां येई. परंतु मुख्य स्मृति केवळ २५६ मेगाबाइट, ती वाढवितां येत नसे. कॅमेऱ्याची फायरवायर तार जोडण्यासही जागा नव्हती. सहायक गाभ्यांना कामास लावावयाचें, तर आज्ञावली मुद्दाम त्यांच्यासाठीं लिहावी लागे. साधी आज्ञावली एकट्या मुख्य गाभ्यावर सावकाश चाले. शक्ति असणें आणि ती आपल्या कामीं येणें, या दोन भिन्न गोष्टी होत.

याहून मोठी अडचण पुढें आली. सन २००९ च्या सडपातळ नमुन्यांत लिनक्सची सोय ठेविली नाहीं. आणि १ एप्रिल २०१० रोजीं निघालेल्या ३.२१ या सुधारणेनें, सुरक्षिततेचें कारण सांगून, ती जुन्या यंत्रांतूनही काढण्यांत आली. सुधारणा घ्यावी, तर लिनक्स जाई. न घ्यावी, तर कंपनीच्या जाळ्यावरील खेळ बंद होई. ज्यानें आपलीं चित्रणें तेथें ठेविलीं असतील, त्यानें तीं आधींच दुसरीकडे उतरवून घेणें प्राप्त होतें. अमेरिकेंत ग्राहकांनीं याबद्दल न्यायालयांत दावे लाविले.

पालकांनींही यांतून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. यंत्र पैसे देऊन घरीं आणिलें, तरी त्याच्या किल्ल्या निर्मात्याकडे राहूं शकतात. म्हणून जुन्या यंत्रास नवें काम अवश्य द्यावें. मात्र लग्नकार्याच्या वा आजीआजोबांच्या चित्रणाची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर आधीं ठेवावी.

अभ्यास: तुमच्या घरच्या डिस्कवर किती गिगाबाइट जागा मोकळी आहे, तें पाहा व तींत असें चित्रण किती तासांचें मावेल, तें काढा.